हायाबुसा: आठ महिन्यांनंतर

दुसऱ्या महायुद्धातलं जपानी लढाऊ विमान ‘की-४३ हायाबुसा’, पहिली आवृत्ती, सुटे भाग जोडून करायचं १/४८ मापाचं प्लॅस्टिक किट. मे महिन्यात घेतलं, सप्टेंबरात पूर्ण झालं, तेव्हापासून टेबलावर आहे. डबा उघडल्याच्या दुसऱ्या दिवशी लिहिलेले अभिप्राय खूप वाचले, म्हणून मुद्दाम थांबून लिहितोय.

आधी एक खुलासा. घरी येणारा प्रत्येक जण याला ‘झिरो’ म्हणतो. झिरो हे वेगळं जपानी लढाऊ विमान, मित्सुबिशीचं आणि नौदलाचं. हे नाकाजिमाचं आणि जपानी लष्कराचं. इंजिनाचं घराणं मात्र एकच, साकाए. लांबून दोन्ही इतकी सारखी दिसत की लढाईत दोस्त राष्ट्रांचे वैमानिकही फसायचे.

किटचं खरं बळ पंखात आहे. पंखाखाली, धडाला लागून, फुलपाखराच्या पंखासारख्या दोन फ्लॅप्स, म्हणजे हलत्या झडपा, आहेत आणि त्या मागे-खाली उघडलेल्या दाखवता येतात. जानेवारी १९३९ मध्ये पहिलं उड्डाण झालं तेव्हा ‘की-२७’ या जुन्या लढाऊ विमानाला सरावलेल्या वैमानिकांना हे विमान वळायला जडच वाटलं होतं. या फ्लॅप्स बसवल्यावर ते असं वळू लागलं की पाठलाग करणारा भलतीकडेच जाऊन पडे. मी त्या उघड्याच चिकटवल्या. बंद ठेवल्या असत्या तर या विमानाची गोष्ट अर्धीच राहिली असती.

आता तक्रार, आणि ती मोठी आहे. पाकिटात दोन आवृत्त्यांचे भाग एकत्र कोंबलेत आणि माहितीपत्रकात ते वेगळे केलेले नाहीत. त्यात वैमानिकाच्या आसनामागे चिलखती पत्रा बसवायला सांगितलंय. पहिल्या आवृत्तीत तो नव्हता! टाकीला गोळी लागली तर भोक आपोआप बुजवणारं भक्कम आवरणही नव्हतं. चिलखत आलं दुसऱ्या आवृत्तीत, तीन पात्यांच्या पंख्याबरोबर. पहिलीला पाती दोनच. मी पत्रा चिकटवला होता. खात्री पटल्यावर सुरीच्या पात्याने हळूहळू सोडवला. आसनाची पाठ एवढीशी, नखाएवढी. त्यामागे आता काहीच नाही, आणि ते ‘काहीच नाही’ बघताना दर वेळी पोटात कालवतं.

कारण शेपटीवर मी ६४ व्या सेंताईचा, म्हणजे जपानी लष्कराच्या एका हवाई तुकडीचा, बाण लावलाय. या तुकडीचे प्रमुख तातेओ कातो २२ मे १९४२ रोजी अक्याबहून, म्हणजे म्यानमारमधल्या आजच्या सित्वेहून, ब्लेनहाइम या एकट्या ब्रिटिश बॉम्बफेकी विमानाच्या मागे बंगालच्या उपसागरावर गेले. बरोबरच्या दोन विमानांना गोळ्या लागून ती माघारी फिरली. कातोंनी सूर मारून हल्ला केला आणि वर उठताना विमानाचं पोट उघडं पडलं. ब्लेनहाइमच्या मागच्या मशीनगनवाल्याने तिथेच नेम साधला. विमान पेटलं, कातोंनी ते उलटं केलं आणि थेट समुद्रात घातलं. जे हलकेपण वळताना वाचवायचं, त्यानेच घात केला. किट जोडताना हे हातांना कळतं, पुस्तकातून माझ्या कधी इतकं अंगाला भिडलं नव्हतं.

काचेतून आरपार गेलेली दुर्बिणीसारखी नेमनळीही सुरेख दिलीय. वैमानिकाला तिला डोळा लावून नेम धरावा लागे. नाकावर मशीनगन दोनच, तर समोरच्या हरिकेन या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या पंखांत आठ, बारा.

रंगकामाबद्दल: जुलैच्या दमट हवेत चंदेरी रंग मारू नका. माझा पांढुरका पडला, खरवडून पुन्हा मारावा लागला. डिकल्स, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील खुणा, पातळ आहेत, पण पाण्यात अर्धा मिनिट जास्त राहिली की तडकतात. उजव्या पंखावरचा लाल गोळा मी हाताने रंगवलाय. आठ महिन्यांत चंदेरी रंग टिकलाय, चाकाचा एक दांडा मात्र दोनदा निखळला. तिथे पिनेचा तुकडा घालूनच जोडा.

हे विमान आपल्यापासून लांबचं नाही. ५ डिसेंबर १९४३ ला कोलकात्याच्या खिदिरपूर गोदीवर दिवसाढवळ्या बॉम्ब पडले तेव्हा बॉम्बफेकी विमानांच्या राखणीला हायाबुसाही होती. १९४४ मध्ये इंफाळच्या आकाशातही होती. खाली संगशाकला मराठा लाइट इन्फंट्रीची पलटण लढत होती आणि अर्जन सिंगांची भारतीय हवाई दलातली एक नंबर स्क्वॉड्रन हरिकेनमधून टेहळणी करत होती.

आणखी एक. या विमानाचे मुख्य अभियंते यासुशी कोयामा यांच्या हाताखाली हिदेओ इतोकावा नावाचा तरुण होता. युद्ध संपल्यावर त्याने १९५५ मध्ये पेन्सिलएवढं रॉकेट उडवलं आणि जपानच्या अवकाशकार्याचा पाया घातला. पुढे एका लघुग्रहाला त्याचं नाव दिलं गेलं, आणि २००५ मध्ये तिथे पोचलेल्या यानाचं नाव होतं हायाबुसा. माझ्या भाचीला विमानापेक्षा हीच गोष्ट जास्त आवडते.

घ्यावं का? पहिलंच किट असेल तर नको. चार-पाच विमानं हाताखालून गेली असतील तर जरूर घ्या, फक्त जोडण्याआधी कोणती आवृत्ती करायची ते ठरवा आणि नको असलेले भाग काढून वेगळ्या डबीत ठेवा. पंखांची लांबी जेमतेम २४ सेंटिमीटर, त्यामुळे साध्या फळीवर बसतं. मी शेजारी तेवढीच जागा मोकळी ठेवलीय. पुढच्या महिन्यात भारतीय खुणांचं हरिकेन सुरू करतोय.