बिग टेनची स्पर्धा: शिकागो की इंडियानापोलिस?

अमेरिकेतल्या बिग टेन कॉन्फरन्सची, म्हणजे विद्यापीठांच्या संघांच्या एका क्रीडा-गटाची, पुरुषांची बास्केटबॉल स्पर्धा 1998 साली शिकागोच्या युनायटेड सेंटरमध्ये सुरू झाली. 2002 मध्ये ती पहिल्यांदा इंडियानापोलिसला गेली. न्यूयॉर्क, वॉशिंग्टन, मिनिआपोलिस इथेही ती झाली, पण खरी चुरस याच दोन शहरांत.

शिकागोची बाजू भक्कम आहे. युनायटेड सेंटरमध्ये वीस हजारांहून जास्त प्रेक्षक मावतात आणि जवळपास प्रत्येक विद्यापीठाचे माजी विद्यार्थी शहरात राहतात. 2024 पासून लॉस एंजेलिस, ओरेगन, सिॲटलचे संघही बिग टेनमध्ये आलेत. त्यांच्या चाहत्यांना शिकागोच्या ओहेअर विमानतळाला थेट विमान मिळतं, ही मोठीच सोय. पण स्टेडियम शहराच्या मध्यभागापासून तीनेक किलोमीटर पश्चिमेला आहे. रात्री उशिरा सामना संपला की मार्चच्या बोचऱ्या वाऱ्यात, कानटोपी ओढून, मॅडिसन स्ट्रीटवर वीस नंबरच्या बसची वाट बघायची.

इंडियानापोलिसमध्ये हॉटेलातून निघालं की चालत काही मिनिटांत गेनब्रिज फील्डहाउस, म्हणजे सामन्यांचं स्टेडियम. बरीच हॉटेलं आणि कन्व्हेन्शन सेंटर काचेच्या बंद पुलांनी जोडलेले, त्यामुळे थंडीत फारसं बाहेर पडावं लागत नाही. पर्ड्यू आणि इंडियाना ही दोन्ही विद्यापीठं गाडीने तास-सव्वा तासावर, म्हणून त्यांचे चाहते लोटतात. इतर संघांना ते परकं मैदान वाटतं, आणि ही तक्रार मला रास्त वाटते.

तरीही माझं मत इंडियानापोलिसलाच. स्पर्धेच्या दिवसांत ते अख्खं शहर फक्त बास्केटबॉलचं असतं. शिकागोत ही स्पर्धा गर्दीत हरवते.