जळगावातील मानसिक पुनर्वसन डे-केअर : आठ महिन्यांचा अनुभव

माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. औषधांनी त्याच्या कानातले आवाज दोन वर्षांपूर्वीच थांबले आणि संशयही ओसरला. तरीही तो दिवसभर खोलीत बसून राही, घरी कोणी आले की उठून आत जाई आणि विचारलेल्या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देई. नातेवाईक त्याला आळशी म्हणत, आणि खरे सांगायचे तर आम्हीही तसेच समजत होतो. गेले आठ महिने तो आठवड्यातून तीन दिवस अमळनेरहून एसटीने जळगावच्या या डे-केअरमध्ये जातो आहे.

पहिल्याच भेटीत तिथल्या समुपदेशक ताईंनी जे सांगितले, ते आम्हाला कधी कोणी सांगितले नव्हते. भास आणि भ्रम यांवर औषधे चांगली चालतात. पण उत्साह आटणे, चेहऱ्यावर भाव न उमटणे, बोलणे तुटक होणे, माणसांत मिसळावेसे न वाटणे हीही याच आजाराची लक्षणे असून त्यांच्यावर औषधांचा परिणाम फार थोडा होतो. समोरचा माणूस रागावला आहे की थट्टा करतो आहे, हे ओळखणेही पुष्कळ रुग्णांना जड जाते. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी 'आयडियाज' नावाची मोजपट्टी वापरतात. तिच्यातील स्वतःची निगा, माणसांशी संबंध, संवाद व आकलन आणि काम या चार भागांनुसार ताईंनी आम्हाला प्रश्न विचारले, तेव्हा पहिला भाग सोडला तर उरलेल्या तिन्हींत भाऊ किती मागे पडला आहे, हे आईच्या आणि माझ्याही प्रथमच नीट ध्यानात आले.

केंद्राचे खरे बळ सरावात आहे. भरताची वांगी आणण्याचा सराव मी स्वतः पाहिला. आधी खोलीतच एक जण भाजीवाला होतो, दुसरा गिऱ्हाईक. कुठे उभे राहायचे, भाव कसा विचारायचा, सुटे पैसे मिळेपर्यंत कसे थांबायचे, हे पुन्हा पुन्हा करून घेतात आणि मगच बाजारात नेतात. पहिल्या दिवशी भाऊ पन्नासची नोट टेकवून उरलेले पैसे न घेताच परतला. कोणी रागावले नाही. दुसऱ्या दिवशी तेवढाच भाग पुन्हा घेतला. महिन्याभराने त्याने भाजीवाल्या बाईंना, "मावशी, हे किडकं आहे, बदलून द्या," असे स्वतःहून सांगितले. त्या संध्याकाळी आईने तीच वांगी भाजली.

खेड्यातून येणाऱ्यांशी तिथले कार्यकर्ते अहिराणीतच बोलतात. "कसा शे भाऊ?" असे विचारल्यावर माझा भाऊ जितका मोकळा होतो, तितका प्रमाण मराठीत होत नाही, शिवाय पारावर आणि एसटीत त्याला हीच भाषा बोलायची आहे, त्यामुळे ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

उणिवाही आहेत. घरच्यांचे सतत टोचून बोलणे आजार उलटण्याला कारण ठरते, म्हणून कुटुंबासाठी स्वतंत्र बैठक घेतात, ती उत्तमच असते. पण ती बुधवारी सकाळी अकराला असल्याने रोजंदारीवर जाणाऱ्याचा दिवस बुडतो. ती रविवारी ठेवावी, ही माझी मागणी अद्याप तशीच आहे. गटात स्त्रिया दोनच आहेत. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना पत्र्याच्या खोलीत कूलर नव्हता, आणि यांतील बऱ्याच औषधांमुळे शरीराला उष्णता सोसत नाही, हे केंद्राला कोणी वेगळे सांगायची गरज नसावी. रोजगार मिळवून देण्याची व्यवस्था तर अजिबात नाही.

आजार जोरात असताना येथे आणू नये. तेव्हा मानसोपचारतज्ज्ञांकडेच जावे. रात्री-अपरात्री घरचे गोंधळले असतील, तर 'टेलिमानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत विनामूल्य बोलता येते. नावनोंदणीला डॉक्टरांची चिठ्ठी आणि चालू औषधांची यादी लागते, आणि पहिला आठवडा घरातील एकाने पूर्ण वेळ सोबत थांबावे लागते.