वर्गात पेपर लावून आठ महिने झाले: अनुभव (आणि उजनीच्या चौकटीची रडकथा)

काल पेपरच्या नूतनीकरणासाठी माणूस आला होता. वर्षाचे एकदम भरा सर, सोबत प्लास्टिकचा टब फ्री. मी म्हटलं टब राहू दे, आधी सांग गेल्या अकरा दिवसांत उजनी धरणाच्या पाणीसाठ्याची चौकट किती वेळा छापली? तो माझ्याकडे असा बघायला लागला की मी त्याच्याकडे उधारी मागितलीय. म्हणून म्हटलं सगळं एकदा लिहूनच काढावं.

माढा तालुक्यात जिल्हा परिषदेची शाळा, माझ्याकडे सहावी, पोरं तेवीस. २०२४ च्या जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा स्वतःच्या खिशातून वर्गात पेपर लावला. डोक्यात नेहमीचंच, प्रकट वाचन होईल, शब्दसंग्रह वाढेल, पोरांना जगात काय चाललंय ते कळेल. कुठला पेपर ते सांगत नाही, जिल्हा पान असलेला कुठलाही धरा, उन्नीस-बीस सगळे सारखेच.

पहिला महिना पूर्ण वाया. पेपर यायचा पावणेअकराला, तोवर परिपाठ संपलेला. आला की पोरं पहिल्यांदा काय करायची तर विद्यार्थ्यांसाठी म्हणून जे खास पान असतं त्यातलं कुपन कापायची. वाचायचं कोणीच नाही, कुपन तेवढं वहीत चिकटवायचं, बक्षीस लागणार म्हणून. आणि ते पान तरी काय, गोष्ट, तिच्याखाली बोध, कोडं, जगातला सगळ्यात मोठा अमुक. हे सगळं लायब्ररीच्या पुस्तकांत आहेच की, त्यासाठी रोज पैसे कशाला? जुलैच्या सुरुवातीला पेपर बंद करणार होतो, खरंच.

मग एका तासाला ऋण संख्या शिकवत होतो. उदाहरणं तीच, काश्मीरचं तापमान आणि लिफ्ट तळघरात जाते. आमच्या गावात लिफ्ट सोडा, तीन मजली घर नाही. पोरं जांभया देतायत. मागच्या बाकावरून एकजण बोलला, सर म्हणजे उजनी मायनसमध्ये असती तसंच का?

तसंच रे बाबा! पण पुढे त्यानंच विचारलं, धरणात उणे पाणी म्हंजे काय, खड्डा पडलाय का? आणि मी अडकलो. गेली वीस वर्षं उजनी मायनस, उजनी प्लस ऐकतोय, बोलतोय, पण फळ्यावर मांडायची वेळ कधी आली नव्हती. त्या दिवशीचा पेपर उघडला, जिल्हा पानावर कोपऱ्यात दोन बोटं रुंदीची चौकट, एकूण साठा, उपयुक्त साठा, टक्केवारी, दौंडचा विसर्ग. तिथून पुढे वर्गात पेपर म्हणजे ती चौकट, बाकीचा कागद तिच्यासोबत फुकट येतो असं धरायचं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. उजनीचा मृतसाठा, म्हणजे तळाचा, एरवी वापरात न धरलेला साठा, ६३.६६ टीएमसी (अब्ज घनफूट), त्याच्यावर उपयुक्त ५३.५७, बेरीज ११७.२३. टक्के मोजतात ते फक्त उपयुक्त साठ्याचे, म्हणून मृतसाठ्याला हात लागला की आकडा उणे. त्या उन्हाळ्यात धरण उणे साठच्या आसपास जाऊन आलं होतं. पोरांना म्हटलं काढा मग, उणे साठ टक्के म्हणजे धरणात खरं पाणी किती? ५३.५७ चे साठ टक्के ३२.१४, ते ६३.६६ मधून वजा, राहिले साडेएकतीस. म्हणजे उणे असूनही साडेएकतीस टीएमसी पाणी आणि चिखल मिळून आहेच. आता हे कुठल्या लिफ्टनं शिकवलं असतं सांगा.

भिंतीवर आलेख लावला, मधे शून्याची जाड लाल रेघ. रोज एकानं चौकट कापायची, एकानं टिंब द्यायचं. आमच्याकडे पावसाचा थेंब नाही, पोरांच्या घरी बोअर आटलेले, आणि टिंब मात्र रोज वर चाललंय. का? कारण पाऊस पुणे जिल्ह्यात, वरची धरणं सोडली की पाणी भीमेतून दौंडवरून इकडे. नकाशा मग आपोआप काढला गेला, मला भूगोलाचा वेगळा तास घ्यावा लागला नाही. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, दिवसाचे सेकंद ८६,४००, करा भागाकार. उत्तर ११,५७४. म्हणजे दौंडवरून तेवढ्या क्युसेकनं चोवीस तास पाणी आलं की उजनीत एक टीएमसी. हे एकदा कळल्यावर पोरं उद्याचं टिंब आजच पेन्सिलीनं द्यायला लागली, आणि दुसऱ्या दिवशी पेपर आला की कुणाचं जवळ आलं यावरून भांडणं. जुलैच्या शेवटी लाल रेघ ओलांडली त्या दिवशी टाळ्या. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात शंभर, आणि मी कागद शंभरपर्यंतच लावलेला! धरण शंभरच्या वर कसं जातं म्हणून परत दंगा. तर ते १२३ टीएमसीपर्यंत अडवतात, म्हणजे १११ टक्के, मग वरती कागदाची पट्टी डकवली, ती अजून तशीच लोंबतेय.

बाजारभावाचं माझं मत मात्र मधेच बदललं. कांद्याच्या रकान्यात किमान शंभर, कमाल चार हजार, सर्वसाधारण अठराशे असं काहीतरी होतं. पोरीनं बेरीज करून दोननं भागलं, म्हणाली सर दोन हजार पन्नास यायला पाहिजे, पेपरात चुकलंय. मी पण मोठ्या रुबाबात म्हटलं छपाईची चूक. चार दिवस रोज "चूक"! पाचव्या दिवशी मलाच लाज वाटली. अडत दुकानावर बसणाऱ्या एका पालकांना विचारलं तर ते हसले, अहो गुरुजी, सर्वसाधारण म्हणजे जास्तीत जास्त माल ज्या भावात गेला तो. चार हजार तर दोन-चार वक्कलांना, म्हणजे मालाच्या ढिगांना, बातमीपुरता. वर्गात जाऊन चूक कबूल केली. तेव्हा एकजण म्हणाला, आमच्या पप्पांना सातशेच मिळाले होते. त्यावर काय बोलायचं मला सुचलं नाही, तास तिथंच संपला.

खऱ्या चुका पण सापडतात, नाही असं नाही. एकदा टक्का तीसच्या जागी सदतीस छापला होता, साठ्यावरून हिशोब करून पोरांनीच पकडला.

आता तक्रार. पावसाळ्यात चौकट रोज, कधी कधी पहिल्या पानावर. धरण भरलं, दिवाळी झाली, की चौकट गायब. आठवड्यातून दोनदा, मग एकदा, मग कोणा नेत्याचा वाढदिवस आला की तीही नाही. वाढदिवसाचं अख्खं पान असतं, वर साहेबांचा फोटो, खाली शुभेच्छुकांचे चाळीस फोटो, त्यात "हार्दीक" दुसरी वेलांटी देऊन. (हे मी लाल पेनानं दुरुस्त करून भिंतीवर लावलंय, मुख्याध्यापक म्हणाले काढा, उगीच लफडं नको.) ऑफिसला फोन केला. पलीकडचा माणूस सभ्य होता, म्हणाला सर जाहिरात असली की जागा नसते, आणि धरण भरलंय आता, कोण वाचतं?

अहो तीच तर खरी गंमत आहे ना! भरतानाचा आलेख सगळेच बघतात. रिकामं होतं ते कधी, कालव्याला आवर्तन (पाण्याची पाळी) कधी सुटलं, ते किती दिवस चाललं, सोलापूरला प्यायला नदीतून किती सोडलं, आठवड्याला रेघ किती उतरली, हे बघायचं तर रोजचा आकडा पाहिजे. आमचा आलेख नोव्हेंबरपासून दात पडल्यासारखा झालाय, मधे मधे भोकं. आणि एप्रिल-मेमध्ये हेच लोक "उजनीने तळ गाठला" म्हणून आठ कॉलम ठोकणार.

शेजारच्या वर्गाच्या मॅडम म्हणतात, सर मोबाईलवर रोज येतं की, कशाला डोकं लावता. येतं, मान्य. पण मोबाईल एक आणि तोही माझा, तेवीस डोकी त्यात घुसणार आणि आकडा बघायच्या आधी दुसरंच काहीतरी उघडणार. कात्रण हातात धरता येतं, वहीत राहतं, महिन्यानं परत काढून भांडता येतं. फक्त दोन अंक घ्या हे माझ्याकडून शिका, एका अंकात चौकट कापली की मागची क्रिकेटची बातमी मधोमध फाटते आणि वर्गात दोन तट पडतात.

सहा जानेवारीला पत्रकार दिन. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ मध्ये दर्पण काढला तो दिवस, मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषांत असायचा तो. त्या निमित्तानं पोरांना म्हटलं आपलं भित्तीपत्रक काढू, त्यात उजनीची चौकट रोज, एकही दिवस चुकवायची नाही, आकडा माझ्या मोबाईलवरून. एका पोरीनं खऱ्या पेपरच्या शेवटच्या पानाखालची बारीक ओळ वाचून आपल्यात पण मुद्रक, प्रकाशक, संपादक लिहिले, म्हणजे चुकलं तर कुणाला धरायचं ते ठरलं. चार दिवस झकास चाललं. पाचव्या दिवशी बघतो तर चौकट नाही. त्या जागी वर्गातल्या मॉनिटरला वाढदिवसाच्या शुभेच्छा, खाली अकरा शुभेच्छुकांची नावं. संपादकबाईंना विचारलं तर म्हणतात, जागा नव्हती सर.

तर नूतनीकरण केलं, पण सहाच महिन्यांचं, जुलैपर्यंत, आणि दोन अंक. आणि त्याच्याकडून कागदावर लिहून घेतलं की आमची मागणी ऑफिसात पोचवीन, त्यानं सही केली, पोचवणार नाही हे त्यालाही माहीत आणि मलाही. टब नको म्हटलं तरी ठेवून गेला. सध्या त्यात कात्रणं आहेत.