कोरस पेडलसाठी ३००७ की ३२०७? आठ महिने वाजवल्यानंतर

गिटारचा आवाज दाट, लहरता करणारी दोन घरी बनवलेली कोरस पेडल्स आठ महिने आलटून पालटून वाजवतोय. एकात एमएन३००७ ही आयसी (चिप), दुसऱ्यात बीएल३२०७. गिटार तीच, अँप तोच. आता रोजच्या वापरात ३२०७ वालंच राहिलंय.

दोन्ही आयसी ‘बकेट ब्रिगेड’ प्रकारचे, म्हणजे आवाज थोडा उशिरा बाहेर सोडणारे. आग विझवताना रांगेतली माणसं बादल्या हातोहात पुढे देतात, तसा आवाजाचा व्होल्टेज एका कपॅसिटरमधून पुढच्यात सरकत जातो. दोन्हीत टप्पे १०२४. हे सरकणं ज्या ठोक्यांवर चालतं तो क्लॉक ५० किलोहर्ट्झ असेल तर आवाज साधारण १० मिलिसेकंद उशिरा बाहेर येतो, १०० केला की ५. हा उशीर एलएफओने (संथ लहर देणाऱ्या सर्किटने) हळूहळू कमी-जास्त करायचा आणि मूळ आवाजात मिसळायचा, झाला कोरस.

बॉस कंपनीच्या सीई-२ या कोरस पेडलमध्ये ३००७ होता, म्हणून मलाही तोच हवा होता. ऑनलाइन पाच मागवले. तीन मुकेच निघाले. ॲसिटोनचा बोळा फिरवला तर वरची अक्षरं कापसावर उतरली, म्हणजे माल नकली! विक्रेत्याने पुढे उत्तरच दिलं नाही. उरलेल्या दोघांचा आवाज मात्र खरंच गोड आहे, जोरात वाजवलं तरी लवकर फाटत नाही. अडचण बॅटरीची. हा आयसी मुळात १५ व्होल्टसाठी बनवलेला, मी चालवत होतो ९ वर. बॅटरी उतरू लागली की बायस (आयसीला आत दिलेला ठरावीक व्होल्टेज) सरकायचा आणि स्वर विरताना शेवटी खरखर यायची. दर दोन-तीन आठवड्यांनी झाकण उघडून बायस जुळवणारा ट्रिमर (स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा छोटा रेझिस्टर) फिरवायचा मला कंटाळा आला.

३२०७ पाच व्होल्टवर सुखाने चालतो. त्यामुळे आधी ७८एल०५ हा ५ व्होल्टचा रेग्युलेटर लावता येतो, आणि बॅटरी ९ वरून साडेसातवर आली तरी आयसीला ५ च मिळतात. बायसचा ट्रिमर पहिल्या दिवशी लावला, त्यानंतर हात लावलेला नाही. माझ्यासाठी सगळा निकाल इथेच लागला.

उणीव आहेच. हंबकरवर (गिटारच्या जोरदार सिग्नल देणाऱ्या पिकअपवर) जोरात स्ट्रमिंग केलं की आवाज फाटतो. मी आयसीच्या आधीचा गेन (सिग्नलची वाढ) कमी केला, तर हिस्स म्हणजे मागची सूंसूं वाढली. मग आयसीच्या आधी ट्रेबल वाढवून नंतर तेवढाच कापला, तेव्हा कुठे शांत झालं. रात्री हेडफोन लावून ऐकताना वर एक बारीक शिट्टी यायची. ती आयसीच्या ७ आणि ८ नंबरच्या पायांमधल्या (दोन आउटपुट) ट्रिमरने गेली: हळूहळू फिरवत गेलं की एका जागी शिट्टी अचानक नाहीशी होते, पुढे गेलं की परत येते. तिथेच थांबायचं.

दोघांच्या पायांची मांडणी सारखी दिसते, म्हणून एकाच्या सॉकेटमध्ये दुसरा बसवू नका. सप्लायची दिशा उलटी आहे. क्लॉकचा आयसीही वेगळा: ३००७ ला ३१०१, ३२०७ ला ३१०२. जोडी एकत्रच घ्या, आणि सॉकेट लावाच, थेट सोल्डर करू नका.

ते दोन ३००७ डबीत जपून ठेवलेत. त्यांना नीट १५ व्होल्ट देणारं वेगळं सर्किट दिवाळीच्या सुट्टीत करायला घेणार आहे.