'हॅकनी डायमंड्स': आठ महिने ऐकल्यावर

रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश रॉक बँडचा हा अल्बम आला तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी भेटेल त्याला सांगत सुटलो होतो, की म्हाताऱ्यांनी कमाल केलीय. आजही तेच म्हणेन, फक्त गाणी वेगळी सांगेन.

त्यांचा स्वतःच्या नव्या गाण्यांचा आधीचा अल्बम २००५ चा. मधे २०१६ मध्ये ब्लूजचा एक आला, पण ती गाणी दुसऱ्यांची. ऑक्टोबर २०२३ मध्ये हा आला तेव्हा गायक मिक जॅगर ऐंशीचा होता, आणि 'अँग्री' ऐकताना ते खरं वाटत नाही. पण सुरुवातीला जी गाणी तोंडात बसली होती, 'अँग्री', 'गेट क्लोज', तीच आधी विटली. निर्माता अँड्र्यू वॉटने सगळं इतकं चकचकीत आणि ठासून भरलंय की हेडफोनवर चार-पाच गाण्यांत कान शिणतात. स्पीकरवर, जरा लांब बसून ऐकलं तर बरं. 'होल वाइड वर्ल्ड' मी आता सरळ पुढे ढकलतो.

मुरलं ते चार्लीचं वाजवणं. चार्ली वॉट्स, बँडचा जुना ड्रमर, ऑगस्ट २०२१ मध्ये गेला. इथे तो दोनच गाण्यांत आहे, 'मेस इट अप' आणि 'लिव्ह बाय द स्वोर्ड'. बाकीकडे स्टीव्ह जॉर्डन, आणि तो उत्तमच वाजवतो. पण स्नेअरवर, म्हणजे मुख्य ठोक्याच्या ड्रमवर, काठी पडताना चार्ली हाय-हॅटवरचा, म्हणजे झांजांच्या जोडीवरचा, हात उचलून घ्यायचा. त्यामुळे ठेक्यात एक बारीकशी फट राहते आणि गाणं त्या फटीतून श्वास घेतं. पहिले दोन-तीन महिने मला हा फरक कळलाच नव्हता. 'लिव्ह बाय द स्वोर्ड'मध्ये तर जुना बासवाला बिल वायमनही परत आलाय. गाणं म्हणून ते बेताचंच आहे, तरी मी सगळ्यात जास्त वेळा तेच लावलंय.

पाहुणे पुष्कळ आहेत. बीटल्सवाल्या पॉल मॅकार्टनीचा खरखरीत बास मजा आणतो. पण खरी मैफल जमते ती 'स्वीट साउंड्स ऑफ हेवन'मध्ये. सात मिनिटांच्या वरचं गाणं, लेडी गागा जॅगरला अक्षरशः खेचून वर नेते, स्टीव्ही वंडर साथीला. संपलं संपलं म्हणेस्तोवर पुन्हा उचल घेतं. बँडचा गिटारवाला कीथ रिचर्ड्सने गायलेलं 'टेल मी स्ट्रेट' आधी मी फारसं मनावर घेतलं नव्हतं. आता त्याचा झिजलेला आवाजच आवडतो.

शेवटी ब्लूज गायक मडी वॉटर्सचं १९५० चं गाणं. १९६२ मध्ये बँडने नाव उचललं ते याच गाण्यावरून. इथे फक्त कीथची गिटार, मिकचा आवाज आणि माउथ ऑर्गन. चकाकी नाही, गर्दी नाही. रात्री हेच लावतो. एकच काळजी घ्यावी लागते: रिपीट बंद ठेवायचं, नाहीतर लगेच 'अँग्री' अंगावर येतं.