सागवानी देव्हारा, वॉटरबेस पीयू आणि तीन स्प्रे गन

पुण्यात सहकारनगरमधल्या आमच्या गॅरेजमध्ये मी गेली सहा वर्षं चौरंग, पाट आणि छोटे देव्हारे करते. सुतारकाम माझं, पॉलिश मात्र आमच्याकडे वर्षानुवर्षं येणारे मिस्त्रीकाका करून द्यायचे. आधी लाकडाची छिद्रं बुजवणारा एनसी सीलर, त्यावर मेलामाइनचं चमकदार पॉलिश, आणि दोन्ही पातळ करायला हाताशी उग्र वासाच्या थिनरचा डबा. काम सुरेख असायचं, पण गॅरेजवरच सासऱ्यांची खोली आहे आणि त्यांना दमा आहे. थिनर उघडला की ते काही न बोलता खिडकी लावून घ्यायचे. ती बंद खिडकी मला दोन-तीनदा दिसली, आणि त्या दिवाळीनंतर मी थिनर बंद केला. तेव्हापासून वॉटरबेस पीयू, म्हणजे थिनरऐवजी पाण्यात बनवलेलं पॉलियुरेथेनचं पारदर्शक पॉलिश, आणि स्प्रे यांच्या मागे लागले आहे. दीड वर्षात तीन गन झाल्या. ज्यांना हेच करायचं आहे त्यांचे पैसे आणि लाकूड वाचावं म्हणून सविस्तर लिहिते.

पहिली गन विजेवर चालणारी, हातात धरायची, ऑनलाइन मागवलेली, अडीच हजारांची. तिला कंप्रेसर लागत नाही, त्यामुळे मोह होतो. माझ्या गनचा नोझल २.५ मिमीचा होता. जाड ऑइलपेंट किंवा गेटचा रंग मारायला ती ठीक आहे. पण पारदर्शक पीयू पातळ असतं, आणि एवढ्या मोठ्या भोकातून ते फवारण्याऐवजी शिंपडलं जातं. चौरंगाचा वरचा भाग वाळल्यावर संत्र्याच्या सालीसारखा दिसला. ३२० नंबरच्या सँडपेपरने सगळं घासून काढलं, दोन संध्याकाळी त्यात गेल्या. क्लिअर फिनिशसाठी ही गन घेऊ नका.

मग रविवार पेठेत बोहरी आळीत गेले. तिथे दोन एचपीचा, ५० लिटर टाकीचा ऑइल-फ्री कंप्रेसर आणि १.४ मिमीची एचव्हीएलपी गन घेतली. एचव्हीएलपी म्हणजे हवा भरपूर, दाब कमी. गनच्या टोपीपाशी जास्तीत जास्त १० पीएसआय दाब असतो, म्हणून फवारा लाकडावर आपटून उलटा उडत नाही. जुन्या पद्धतीच्या गनमध्ये निम्म्याहून जास्त माल हवेत जातो, इथे बराचसा लाकडावर बसतो. कागदावर सगळं उत्तम. पण ‘हवा भरपूर’ या शब्दांकडे मी नीट लक्ष दिलं नव्हतं. माझ्या गनला मिनिटाला दहा-बारा घनफूट (सीएफएम) हवा लागते आणि माझा कंप्रेसर प्रत्यक्षात पाच-साडेपाच देतो. पहिला हात झकास बसायचा. दुसऱ्या फळीपर्यंत दाब उतरायचा, थेंब मोठे व्हायचे, आणि टाकी भरेपर्यंत मी हातात गन धरून उभी. तेवढ्यात पहिल्या फळीची कड वाळलेली असायची, मग जोड दिसायचा.

परत दुकानात गेले तेव्हा मालक म्हणाले, “ताई, कंप्रेसरच्या पाटीवरचा सीएफएम बघू नका, तो पिस्टनचा हिशोब असतो. फ्री एअर डिलिव्हरी किती, ते विचारा.” ही गोष्ट पहिल्या दिवशी कुणीतरी सांगायला हवी होती. म्हणजे प्रत्यक्षात बाहेर येणारी हवा. त्यांनीच कंप्रेसर न बदलता एलव्हीएलपी, म्हणजे कमी हवेत आणि कमी दाबात चालणारी गन सुचवली: १.३ मिमी नोझल, चार-पाच सीएफएममध्ये चालणारी. बत्तीसशे रुपये. ती माझी तिसरी गन, आणि आता तीच वापरते. पट्टा थोडा अरुंद पडतो, दाराएवढी फळी मारायची तर वेळ लागेल. देव्हाऱ्याच्या कमानी, कळस, जाळीचं काम यासाठी मला याहून चांगलं काही मिळालेलं नाही.

गन घेताना दोन गोष्टी बघाच. सुई आणि नोझल स्टेनलेस स्टीलचे हवेत. थिनरमध्ये साध्या लोखंडाचं निभतं, पाण्यात गंजतं आणि तो तांबूस कण नेमका पांढऱ्या पाटावर येऊन बसतो. दुसरं, पाणी आणि तेल अडवणारा फिल्टर रेग्युलेटर. पावसाळ्यात माझ्या टाकीतून रोज संध्याकाळी अर्धी वाटी पाणी निघतं. फिल्टर नसेल तर ते सगळं गनमधून बाहेर येणार. तेलाचा कंप्रेसर असेल तर जास्तच जपा, तेलाचा एक थेंब पडला की तिथून पीयू मागे सरतं आणि माशाच्या डोळ्यासारखा खड्डा राहतो.

धायरीतल्या एका मैत्रिणीकडे टर्बाइनवाली मशीन आहे, तिच्यावर मी एक दिवस काम केलं. कंप्रेसर नाही, तेल नाही, पाणी नाही. टर्बाइनची हवा कोमट येते, त्यामुळे जुलैत वाळणं लवकर होतं, पण एप्रिलमध्ये तीच कोमट हवा त्रास देते. रोज ऑर्डरी असतील तर घेण्यासारखी. माझ्या महिन्याच्या तीन-चार नगांना तो खर्च परवडणार नाही.

आता पीयूबद्दल, कारण गन कितीही चांगली असली तरी लाकडाची तयारी चुकली तर उपयोग नाही. पाणी लागलं की लाकडाचे तंतू उभे राहतात. म्हणून मी आधीच ओल्या फडक्याने सगळं पुसते, रात्रभर वाळू देते आणि सकाळी ३२० ने हलका हात फिरवते. मग पहिल्या कोटानंतर खरखर फार कमी होते. दोन कोटांमध्ये तारेचा काथ्या अजिबात वापरू नका, त्याचे तुकडे लाकडात अडकतात आणि पुढच्या ओल्या हाताबरोबर गंजतात.

वॉटरबेस पीयूची एक तक्रार खरी आहे. सागवानावर ते थंड, फिकट दिसतं. मेलामाइनने येणारा मधासारखा रंग येत नाही. काका ते बघून म्हणाले, “वहिनी, सागवानाला आजारी माणसासारखं केलंत.” त्यावर उपाय काकांनीच दिला आणि तो त्यांच्या वडिलांच्या काळातला आहे: आधी चपड्याचा, म्हणजे लाखेच्या पॉलिशचा, एक पातळ हात. मात्र साध्या चपड्यात मेण असतं आणि मेणावर पीयू नीट धरत नाही. म्हणून मी चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून काचेच्या बरणीत आठवडाभर न हलवता ठेवते. तळाशी मेणाचा गढूळ, पांढरट साका बसतो आणि वर चहाच्या अर्कासारखं नितळ द्रव राहतं. ते वरचंच अलगद ओतून घ्यायचं. तो एक हात बसला की सागवान उजळतं, आणि लाकडातलं तेलही वर यायचं थांबतं. स्पिरिट उडेपर्यंत गॅरेजचं दार उघडं ठेवते, वास अर्ध्या तासात जातो.

पीयू गनमध्ये घालताना गाळून घ्या, डबा कितीही नवा असो. घट्ट वाटलं तर पाच टक्क्यांपर्यंत पाणी, तेही बॅटरीचं. आमच्याकडच्या बोअरच्या पाण्यावर माझा विश्वास नाही. लाकडापासून गन वीतभर लांब, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढलेला, आणि हात मनगटातून न वळवता खांद्यातून सरळ न्यायचा. पातळ तीन कोट एका जाड कोटापेक्षा कधीही चांगले. जाड कोट कळसाच्या गळ्याशी ओघळतो आणि तो ओघळ वाळला की पटाशीशिवाय निघत नाही.

हवा सांभाळायला शिकावं लागतं. एप्रिलच्या दुपारी फवारा लाकडावर पोचेपर्यंतच वाळतो आणि हाताला रवा लागतो. तेव्हा मी सकाळी सात वाजता काम उरकते. जुलैत उलटं: दोन तासांत वाळणारा कोट पाच-सहा तास घेतो. घाई केली तर खाली दुधाळ सावट राहतं.

वास जवळजवळ नाही. पण मास्क घालाच. फवाऱ्याचे बारीक कण फुप्फुसात जायला वासाची गरज नसते. दोन डब्यांचं, हार्डनरवालं वॉटरबेस असेल तर साधा मास्क चालणार नाही, हार्डनरमध्ये बहुधा आयसोसायनेट असतं, आणि ते श्वासातून गेलं तर दमा भडकतो. दमेकरी घरात असताना मी एका डब्याचंच वापरते.

टिकाऊपणा? देव्हाऱ्यावर काय पडतं ते आपल्याला माहीत आहे. मी सागवानाच्या एका तुकड्यावर तीन कोट मारून तीन आठवडे मुरू दिले, मग त्यावर समईचं तेल, ओलं कुंकू, ओली हळद आणि पाण्याचा पेला रात्रभर ठेवला. तेल आणि पाणी पुसल्यावर काही उरलं नाही. कुंकवाची किंचित गुलाबी कड राहिली, ती ओल्या फडक्याने गेली. हळदीचा पिवळा डाग मात्र साबणानेही हलला नाही. मी तुकडा गच्चीवर उन्हात ठेवला, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डाग शोधावा लागला. हळदीचा रंग उन्हात विरतो, हे आईला कपड्यांवरून ठाऊक होतं. मेलामाइन या परीक्षेत थोडं जास्त टणक ठरेल, हे कबूल. रोज गरम पातेली ठेवायच्या डायनिंग टेबलाला मी एका डब्याचं वॉटरबेस सुचवणार नाही.

काम झालं की त्याच मिनिटाला गन कोमट पाण्याने धुवा. ओलं पीयू पाण्याने जातं, वाळलेलं जात नाही. एकदा फोन आला म्हणून वीस मिनिटं थांबले, तर नोझल ॲसिटोनमध्ये भिजवून लाकडी काडीने कोरत बसावं लागलं.

मागच्या महिन्यात आत्यांच्या देव्हाऱ्याला तिसरा कोट मारत होते. मध्ये वर पाहिलं तर सासऱ्यांची खिडकी उघडी होती, आणि ते वरूनच विचारत होते, “कळसाला आज हात लावायचा नाही ना गं?”