फिरता कॅमेरा घेताय? आधी त्याचा डोळा तपासा

खोक्यावर ‘मोटराइज्ड’ लिहिलंय म्हणून सीसीटीव्ही कॅमेरा मान वळवेलच असं नाही. या एका शब्दाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एकीत मोटर फक्त लेन्समध्ये असते, २.८ ते १२ मिमी असा झूम-फोकस करते आणि कॅमेरा जागचा हलत नाही. दुसरी म्हणजे पीटीझेड: आडवी फिरते, वर-खाली झुकते, झूमही करते. फाटक, जिना, काउंटर अशी ठरलेली जागा असेल तर पहिली पुरते आणि कुरकुरही कमी करते. मोठं आवार किंवा पार्किंग असेल तरच दुसरीच्या वाटेला जा. घरातले छोटे वायफाय कॅमेरे फिरतात खरे, पण त्यांचा झूम बहुधा डिजिटल, म्हणजे चित्र नुसतं ताणलेलं.

अंधारात सगळ्यात जास्त फसवणूक मेगापिक्सेलच्या आकड्यात होते. १/२.८ इंची सेन्सरवर (प्रकाश टिपणाऱ्या चिपवर) २ मेगापिक्सेल असतील (उदाहरणार्थ सोनीचा आयएमएक्स३२७), तर एक पिक्सेल २.९ मायक्रॉनचा. त्याच आकारात ८ मेगापिक्सेल कोंबले (आयएमएक्स४१५), की पिक्सेल १.४५ मायक्रॉनवर येतो आणि वाट्याला प्रकाश येतो चौथा हिस्सा. दिवसा ८ वाला सरस, रात्री पडदाभर मुंग्या. ४ मेगापिक्सेल आणि त्याहून मोठा १/१.८ इंची सेन्सर ही जोडी मिळत असेल तर डोळे झाकून ८ च्या मागे लागू नका.

फिरत्या कॅमेऱ्याचं आणखी एक दुखणं लेन्समध्ये असतं. एफ-आकडा जितका लहान, तितका लेन्समधून प्रकाश जास्त. माहितीपत्रकातला ‘एफ १.६’ हा बिनझूमचा आकडा. पूर्ण झूमवर लेन्स एफ ४ पर्यंत गेली तर प्रकाश सहापटीहून जास्त घटतो. ज्या कोपऱ्यावर झूम करायचा तोच काळोखा असला, तर २५ पट झूम तिथे शोभेपुरताच. दुकानदाराला टेलि टोकाचा, म्हणजे पूर्ण झूमवरचा, एफ-आकडा विचारा. तो माहितीपत्रकातच असतो, बारीक अक्षरात.

किती कमी उजेडात कॅमेरा चालतो ते सांगणारा ‘०.००५ लक्स’ हाही आकडा तसाच. पौर्णिमेचं चांदणं साधारण ०.१ ते ०.३ लक्स, म्हणजे आकडा भन्नाटच वाटतो. पण तो कोणत्या शटरवर, म्हणजे एका चित्रासाठी किती वेळ प्रकाश घेऊन, मोजला? १/३ सेकंदावर मोजला असेल तर चालणारा माणूस तेवढ्या वेळात जवळजवळ अर्धा मीटर पुढे सरकतो आणि चित्रात त्याचा धूर होतो. म्हणून डेमो मागाल तेव्हा ऑटो शटर बंद करून १/२५ वर लावा, चेहरा हवा असेल तर १/५० वर. नॉइज रिडक्शन (मुंग्या पुसणारं सेटिंग) मध्यम ठेवा. दहा मीटरवरून एकाला आडवं चालायला सांगा आणि थेट चित्राकडे न बघता रेकॉर्डिंग थांबवून बघा. अनोळखी माणूस ओळखू यायला मीटरमागे २५० पिक्सेल लागतात. १९२० पिक्सेल रुंदीच्या चित्रात जेमतेम साडेसात मीटर रुंदीची जागा बसते.

आयआर (इन्फ्रारेड) दिवे ८५० नॅनोमीटरचे असतील तर लांबवर पोचतात, पण मंद लाल दिसतात. ९४० चे दिसत नाहीत, मात्र सेन्सरला ते कमी जाणवतात म्हणून पल्ला तोकडा. दोन्हींवर किडे येतात, किड्यांमागे कोळी, आणि काचेसमोरचं एक जाळं रात्रभर पांढरं फक्क चमकतं. डोमची (कॅमेऱ्यावरच्या गोल झाकणाची) काच ओली असेल तर ऑटोफोकस थेंबांवरच जाऊन बसतो. सेटिंगमध्ये किमान फोकस अंतर ३ मीटर करून टाका, अर्धा त्रास तिथेच संपतो.

‘दिवसा ठणठणीत, रात्री फिरवला की रीबूट’ ही तक्रार आली, की कॅमेरा बदलण्याआधी वीज तपासा. आयआर आणि मोटर एकदम चालू झाली की वॅट वाढतात. पीओई म्हणजे नेटवर्क केबलमधूनच वीज देणं. साध्या पीओईतून (८०२.३एएफ) कॅमेऱ्यापर्यंत खात्रीने पोचतात १२.९५ वॅट, त्यावरच्या ‘एटी’तून (८०२.३एटी) २५.५. बऱ्याच पीटीझेडना ‘एटी’ किंवा त्याहून वरचाच लागतो. त्यात केबल तांब्याचा नुसता मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची असेल तर लांब ओढीवर व्होल्टेज पडणारच. केबल शुद्ध तांब्याची घ्या आणि १०० मीटरच्या आत ठेवा.

ऑटो-ट्रॅकिंगवर (हलणाऱ्या गोष्टीमागे कॅमेरा आपोआप फिरण्यावर) फार विसंबू नका. हलणाऱ्या फांदीमागेही मान वळते, आणि तेवढ्यात फाटकातून कोण आलं ते टिपलं जात नाही. फाटकावर एक स्थिर कॅमेरा हवाच. चोवीस तास गस्त लावली तर छोट्या कॅमेऱ्यातले प्लॅस्टिकचे दाते झिजतात आणि प्रीसेट (आधी ठरवून ठेवलेली दिशा) हळूहळू सरकू लागतो. त्यापेक्षा चार-पाच प्रीसेट ठेवा आणि ‘पार्क’ ३० सेकंदांवर लावा, म्हणजे कुणी फिरवून तसाच सोडला तरी कॅमेरा आपोआप मूळ जागी येतो.